इतिहास, इश्क आणि नायिकेचा नकार

ऐतिहासिक प्रेमकादंबरी हा प्रकार वाचतात सगळे, पण त्याच्याविषयी गंभीरपणे लिहायला सहसा कोणी तयार होत नाही. समीक्षकाला तो हलका वाटतो, इतिहासाच्या अभ्यासकाला खोटा वाटतो आणि घरातल्या बुजुर्गांना वेळेची नासाडी वाटते. तरीही उर्दू वाचणाऱ्या घरात दीनी किताबांच्या शेजारी अब्दुल हलीम शरर किंवा नसीम हिजाजी सापडतोच, आणि मराठी वाचणाऱ्या घरात ‘स्वामी’, ‘राऊ’, ‘पानिपत’ सापडतात. महाराष्ट्रातल्या ज्या मुस्लिम वाचकांना या दोन्ही भाषा येतात, त्यांच्यासाठी हा केवळ करमणुकीचा विषय उरत नाही. एका भाषेतल्या कादंबरीत जो नायक असतो, तोच दुसऱ्या भाषेतल्या कादंबरीत खलनायक होऊन समोर येतो. रात्री एक पुस्तक मिटून सकाळी दुसरे उघडले, की आपण नेमके कोणत्या फौजेच्या घोड्यावर बसलो आहोत, हेच कळेनासे होते.

आम्ही अशा वाचकांपैकी आहोत. विसरवाडी हे आमचे गाव नवापूर तालुक्यात, सुरत-धुळे महामार्गावर आहे. बाजारात मावची, कोकणी, गुजराती, अहिराणी, मराठी आणि आमची खानदेशी उर्दू अशा सगळ्या बोली एकाच वेळी कानावर पडतात. इथे उर्दू पुस्तके येतात ती बहुधा मालेगावहून वा सुरतेहून आलेल्या पाहुण्यांच्या पिशवीतून, आणि मराठी पुस्तके येतात ती नंदुरबार-धुळ्याच्या वाचनालयांतून. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. आमची मुले चौथीत शिवछत्रपतींचा इतिहास उर्दू लिपीतून वाचतात आणि घरी सलाहुद्दीनच्या गोष्टी ऐकतात. दोन्ही ठिकाणी त्यांचे डोळे सारखेच चमकतात. या चमकेविषयी, तिच्यातल्या आनंदाविषयी आणि तिच्यातल्या धोक्याविषयी या लेखात लिहायचे आहे.

आधी आनंदाचे बोलू. या कादंबऱ्या आपल्याला का आवडतात? पहिले कारण म्हणजे वेग. पहिल्याच पानावर एक स्वार धूळ उडवत येतो, दुसऱ्या पानावर किल्ल्याचा दरवाजा उघडतो आणि तिसऱ्या पानावर नकाबाआडून दोन डोळे दिसतात. दुसरे कारण म्हणजे धीर. मोहल्ल्यातल्या अरुंद गल्लीत, पंक्चरच्या दुकानात किंवा शिलाईच्या मशीनवर बसून वाचणाऱ्या माणसाला ती कादंबरी सांगते, की तुझ्या पूर्वजांनी समुद्र ओलांडले, ग्रंथालये उभारली, हरूनही ईमान सोडले नाही. नोकरीच्या अर्जाला उत्तर येत नसताना हा दिलासा लहान नसतो. तिसरे कारण मात्र मोकळेपणाने सांगितले जात नाही. आपल्या अनेक घरांत ‘नॉव्हेल’ हा शब्दच संशयाचा होता. मुलीच्या हातात प्रेमकथा दिसली तर ती हिसकावली जाई. पण त्याच मुलीच्या हातात ‘तारीखी नॉव्हेल’ दिसली, की बुजुर्ग कौतुकाने म्हणत, मुलगी इस्लामी तारीख वाचते आहे. तारखेच्या नावाखाली प्रेम घरात आले. नायक नमाजी, नायिका पाकदामन, दोघांमध्ये एक पत्र, एक जखम, एक प्रार्थना आणि शेवटी निकाह. आमच्या शाळेतल्या मुली पुस्तक हातात घेण्यापूर्वीच विचारतात, “आखिर में निकाह होता ना?” होतो म्हटले की निर्धास्तपणे वाचायला घेतात.

हा आनंद खरा आहे आणि त्याची टिंगल करणे आम्हाला मान्य नाही. बायकांनी चूल सांभाळून, दुपारच्या एका तासात, मागचे पुठ्ठे फाटलेल्या या कादंबऱ्या वाचल्या म्हणून कित्येक घरांत उर्दू टिकली. ज्यांना शाळा लवकर सोडावी लागली त्यांची भाषा या पुस्तकांनी वाढवली. ग्रॅनाडा, बगदाद, सिंध, श्रीरंगपट्टण ही नावे त्यांना भूगोलाच्या पुस्तकाने नव्हे, तर कादंबरीने दिली.

आता या कादंबरीचा वंश पाहू. उर्दूतल्या ऐतिहासिक कादंबरीची पायाभरणी लखनौच्या अब्दुल हलीम शरर (१८६०-१९२६) यांनी केली. स्कॉटिश कादंबरीकार वॉल्टर स्कॉट याची क्रुसेडवरची ‘टॅलिस्मन’ (१८२५) त्यांच्या वाचनात आली आणि तीत मुसलमानांचे जे चित्र होते त्याने त्यांचे मन दुखावले. वास्तविक स्कॉटने सलाहुद्दीनला दिलदार दाखवले आहे. तो हकिमाच्या वेषात येऊन आजारी शत्रूला, राजा रिचर्डला, बरे करतो. तरीही शरर यांना उत्तर द्यावेसे वाटले. १८८७ साली त्यांनी ‘दिलगुदाज’ हे मासिक काढले आणि पुढच्याच वर्षी त्यातून ‘मलिकुल अजीज वर्जिना’ ही कादंबरी क्रमशः छापली. सलाहुद्दीनचा मुलगा अजीज आणि रिचर्डच्या नात्यातली राजकन्या वर्जिना यांची ती प्रेमकथा. उत्तर स्कॉटला होते, पण ते दिले स्कॉटच्याच साच्यातून.

मराठीत काय घडत होते? रा. भि. गुंजीकरांची ‘मोचनगड’ १८७१ साली आली होती. ह. ना. आपटे यांनी आपली पहिली ऐतिहासिक कादंबरी १८९० च्या सुमारास लिहायला घेतली ती शिवकालावर नव्हे, टिपू सुलतानावर. नाव ‘म्हैसूरचा वाघ’. तिला आधार होता मेडोज टेलर या इंग्रज लेखकाच्या टिपूवरील कादंबरीचा (१८४०). हा टेलर निजामाच्या नोकरीत होता आणि काही वर्षे आपल्या मराठवाड्यातल्या नळदुर्गला त्याने कारभार केला होता. म्हणजे लखनौत शरर आणि पुण्यात हरिभाऊ, दोघेही त्याच दोन-तीन वर्षांत, इंग्रजी कादंबरीचे बोट धरून आपापला इतिहास लिहीत होते. आपल्या शरीयतमध्ये ‘रजाअत’चे नाते मानले आहे. एकाच बाईचे दूध प्यालेली मुले वेगवेगळ्या कुशीतली असली तरी भावंडेच. उर्दू आणि मराठी ऐतिहासिक कादंबरी ही अशी दूधभावंडे आहेत. दोघींनी स्कॉटच्या परंपरेचे दूध प्यायले, आणि मोठ्या झाल्यावर एकमेकींना ओळखेनाशा झाल्या.

या दूधाबरोबर एक खोडही आली. शरर यांच्या कादंबऱ्यांची नावे पाहा: ‘मलिकुल अजीज वर्जिना’, ‘हसन अंजेलिना’, ‘मन्सूर मोहना’. पहिले नाव आपल्या तरुणाचे, दुसरे परक्या कौमच्या तरुणीचे. रणांगणावरचा विजय पुरेसा नाही, शत्रूच्या घरातली राजकन्या आपल्या नायकावर भाळली तरच तो पूर्ण होतो, असा हा हिशेब आहे. कथानकात तिचे रूप आहे, अश्रू आहेत, धर्म बदलण्याचा क्षणही आहे, पण तिचे मन बदलते कसे, हे सांगण्याची घाई लेखकाला नसते. ती ‘हो’ म्हणणार हे पहिल्या भेटीतच ठरलेले असते.

गंमत अशी, की खऱ्या इतिहासात अगदी अशाच विवाहाचा प्रस्ताव निघाला होता. ११९१ साली, क्रुसेडच्या ऐन युद्धात, रिचर्डने आपली बहीण जोन हिचा विवाह सलाहुद्दीनचा भाऊ अल-आदिल याच्याशी लावावा आणि दोघांनी मिळून पॅलेस्टाइनच्या भूमीवर राज्य करावे, अशी बोलणी केली. सलाहुद्दीनच्या लष्कराचा काजी आणि चरित्रकार बहाउद्दीन इब्ने शद्दाद याने हे लिहून ठेवले आहे. जोन ही सिसिलीच्या राजाची विधवा. तिच्या कानावर ही गोष्ट गेली तेव्हा ती संतापली आणि मुसलमान पुरुषाशी आपण विवाह करणार नाही असे तिने साफ सांगितले. प्रस्ताव बारगळला. त्याला राजकारणाची इतर कारणेही होतीच, पण एका बाईचा नकार इतिहासाने नोंदवला आहे हे विसरता येत नाही.

इतिहासातली जोन ‘नाही’ म्हणाली, कादंबरीतली वर्जिना ‘हो’ म्हणते. ऐतिहासिक प्रेमकादंबरीची कसोटी आम्हाला इथे सापडते. तपशील खरे की खोटे, तलवारीचे पाते दमास्कसचे की तोलेदोचे, हे प्रश्न दुय्यम आहेत. मुख्य प्रश्न असा, की या कादंबरीतली नायिका ‘नाही’ म्हणू शकते का? म्हणू शकत असेल तरच तिच्या ‘हो’ला किंमत. नाहीतर ते प्रेम नव्हे, गनिमत. आपल्या निकाहात वधूला विचारल्याशिवाय काजी पुढे जात नाही. ‘कबूल है’ या शब्दांत ‘कबूल नाही’ म्हणण्याचा हक्क गृहीत आहे. जी कादंबरी निकाहाने संपते तिने निदान एवढी शर्त तरी पाळावी.

ही कसोटी फक्त उर्दूला लावायची आणि मराठीला सोडायचे, असे नाही. रणजित देसाई यांच्या ‘स्वामी’ने (१९६२) माधवराव आणि रमाबाई यांचे जे सहजीवन रंगवले त्याने दोन-तीन पिढ्या भारावल्या. आम्हीही ते वाचताना गलबललो आहोत. माधवराव १७७२ साली थेऊरला वारले आणि रमाबाई सती गेल्या, हा इतिहास आहे. लेखकाला तो बदलता येत नव्हता. परंतु त्या चितेभोवती जी मंगल प्रभा उभी राहते, तिच्या उजेडात एक प्रश्न विझून जातो. या बाईला ‘नाही’ म्हणायला जागा होती काय? आपल्या कपाटातली वर्जिना प्रेमासाठी धर्म सोडते, त्यांच्या कपाटातली रमा प्रेमासाठी जीव सोडते. दोन्हीकडे वाचक रडतो आणि दोन्हीकडे नायिकेला विचारलेले नसते.

ना. सं. इनामदारांची ‘राऊ’ (१९७२) या बाबतीत अधिक धीट आहे. बाजीराव आणि मस्तानी यांच्या प्रेमाला तिने कुजबुजीतून बाहेर काढले. पुण्याच्या कर्मठ मंडळींनी आणि खुद्द पेशव्यांच्या घराने त्या प्रेमाचा जो कोंडमारा केला तो इनामदारांनी लपवला नाही. एका मराठी हिंदू लेखकाने, एका मुसलमान समजल्या गेलेल्या बाईच्या बाजूने, आपल्याच समाजाच्या चालीरीतींवर बोट ठेवले, हे आपण कृतज्ञतेने नोंदवले पाहिजे. २०१५ चा ‘बाजीराव मस्तानी’ हा चित्रपट याच कादंबरीवरून निघाला. तरीही नाव ‘राऊ’च. कादंबरी त्याची, मस्तानी त्याच्या आयुष्यातले एक प्रकरण. ती बुंदेलखंडातून पुण्यात आली तेव्हा तिला काय वाटले, आपल्या मुलाचे नाव कृष्णराव की समशेर बहादूर, यावर वाद होताना ती काय म्हणाली, हे तिच्या बाजूने सांगणारी कादंबरी व्हायला हवी होती. मस्तानीची कबर पाबळला आहे. तिचा मुलगा समशेर बहादूर १७६१ साली पानिपतावर मराठ्यांच्या बाजूने लढला आणि त्या युद्धातल्या जखमांनी गेला. प्रेमकथा संपते तिथे खरा इतिहास आणखी एक पिढी चालतो, आणि बहुधा तोच जास्त बोलका असतो.

पानिपतचे नाव निघालेच आहे, तर तिथे आमच्या दोन्ही कपाटांची समोरासमोर गाठ पडते. नसीम हिजाजी (१९१४-१९९६) हे फाळणीपूर्व गुरदासपूर जिल्ह्यात जन्मलेले लेखक, मूळ नाव मुहम्मद शरीफ. पुढे ते पाकिस्तानात स्थायिक झाले, आणि त्यांच्या कादंबऱ्या दिल्लीत छापलेल्या आवृत्त्यांतून आपल्यापर्यंत आल्या. ‘मुहम्मद बिन कासिम’, ‘आखिरी चट्टान’, ‘शाहीन’, ‘खाक और खून’ ही त्यांतली गाजलेली नावे. ‘शाहीन’ आणि ‘आखिरी चट्टान’ यांच्या पाकिस्तान टेलिव्हिजनवर मालिकाही झाल्या. त्यांच्या ‘मुअज्जम अली’ या कादंबरीचा नायक बंगालमधल्या पलाशीच्या पराभवातून निघतो, पानिपतच्या तिसऱ्या लढाईत भाग घेतो आणि अखेर हैदरअलीच्या श्रीरंगपट्टणला येऊन विसावतो. तिचा उत्तरार्ध ‘और तलवार टूट गई’, तो टिपूवर. हिजाजींच्या पानिपतात मराठे हे वादळ आहे आणि अब्दाली हा त्यावरचा बांध.

विश्वास पाटील यांचे ‘पानिपत’ १९८८ साली आले. तिथे तीच १४ जानेवारी, तेच मैदान, पण वाचकाचा जीव भाऊसाहेबांच्या छावणीत, उपाशी जनावरांत आणि थंडीत कुडकुडणाऱ्या यात्रेकरूंत अडकलेला. आणि त्या छावणीच्या तोफखान्यावर उभा आहे इब्राहिमखान गारदी. फ्रेंच पद्धतीच्या कवायतीत तयार झालेला हा सरदार शेवटपर्यंत मराठ्यांची बाजू सोडत नाही, पकडला जातो आणि मारला जातो. मराठी कादंबरीने त्याला मान दिला आहे. आम्हाला ते वाचून बरे वाटते, आणि लगेच एक शंकाही येते. मराठी ऐतिहासिक कादंबरीत मुसलमानाला दोनच भूमिका का मिळतात? एक तर दगाबाज सरदार, नाहीतर जीव ओवाळणारा वफादार. नफ्या-तोट्याचा विचार करणारा, घाबरणारा, विनोद करणारा, कर्ज काढून मुलीचे लग्न करणारा साधा मुसलमान शिपाई कुठे आहे? हाच आरोप उर्दूवर उलटाही करता येतो. तिथे परधर्मीयाला दोनच जागा, कपटी दरबारी किंवा कलमा पढायला तयार राजकन्या. इब्राहिमखान हिजाजींच्या साच्यात बसत नाही, समशेर बहादूर बसत नाही. जी माणसे साच्यात बसत नाहीत, तीच खरे तर आपली आहेत. महाराष्ट्राचा मुसलमान हा त्यांचाच वारस आहे.

या कादंबऱ्यांची तारीफ करताना आपण एक शब्द फार वापरतो: ‘ईमान ताजा होतो’. मराठीत त्याला प्रेरणा म्हणतात. प्रेरणा मिळावी यात गैर काय? काहीच नाही. पण प्रेरणा आणि भुरळ यांत फरक आहे, आणि हा फरक सर्वांत नेमका कोणी दाखवला असेल, तर तो खुद्द शरर यांनी. त्यांची ‘फिर्दौसे बरीं’ (१८९९) ही आमच्या मते या सबंध परंपरेतली सर्वोत्तम कादंबरी. हुसैन आणि जमुर्रुद ही जोडी हजला निघते. वाटेत जमुर्रुद दिसेनाशी होते, हुसैनला तिची कबर दिसते, आणि मग त्याला तिचे पत्र येते, थेट जन्नतमधून! त्या जन्नतमध्ये पोचायचे, तर एका पीराच्या आज्ञा पाळायच्या. तो पीर त्याच्याकडून कत्ल करवतो, तोही त्याच्या स्वतःच्या चुलत्याचा आणि उस्तादाचा. हुसैन वाईट माणूस नाही. तो प्रेमात आहे, ईमानवाला आहे आणि त्याला प्रेरणा मिळाली आहे. एवढ्यावरच तो खुनी होतो. ती जन्नत म्हणजे अलमूतच्या किल्ल्याजवळ बातिनी पंथाने उभारलेली एक बाग निघते.

आणि या बागेचा नाश कोण करते? जमुर्रुद. तिला बंदी करून ‘हूर’ बनवलेले आहे, पण तिचे डोळे उघडे आहेत. ती संधी पाहते, गुपचूप पत्र धाडते, मंगोल शहजादीला वाट दाखवते, आणि १२५६ साली हुलागूच्या फौजेने अलमूत संपवले या ऐतिहासिक घटनेशी शरर ते जोडून देतात. ज्या लेखकाने वर्जिनाला ‘हो’ म्हणायला लावले, त्याच लेखकाने अकरा वर्षांनी अशी नायिका लिहिली, जी खोट्या जन्नतला ‘नाही’ म्हणते. म्हणूनच शेवटी होणारा त्यांचा निकाह खरा वाटतो. आमच्या मुलींना हवा असलेला शेवट इथेही आहे, पण तो तिने स्वतः मिळवलेला आहे. हुसैन हा भुरळलेल्या वाचकाचा नमुना, जमुर्रुद ही जागत्या वाचकाची. कादंबरी वाचताना हुसैन होणे सोपे असते. जमुर्रुद व्हायला थोडे थांबून विचारावे लागते, की हे पत्र खरेच स्वर्गातून आले आहे की कुणी लिहवून घेतले आहे?

हा प्रश्न आज नुसता साहित्याचा राहिलेला नाही. शिवाजी सावंतांच्या ‘छावा’ या कादंबरीवरचा चित्रपट फेब्रुवारी २०२५ मध्ये आला. लोक चित्रपटगृहांतून रडत, घोषणा देत बाहेर पडले. छत्रपती संभाजी महाराजांचे हाल हा कोणत्याही माणसाला हेलावणारा इतिहास आहे, त्या अश्रूंना आम्ही खोटे म्हणणार नाही. पण पुढच्याच महिन्यात औरंगजेबाच्या कबरीवरून वाद पेटला आणि नागपुरात दंगल झाली. सतराव्या शतकातल्या बादशहाच्या कृत्याचा जाब एकविसाव्या शतकातल्या भाजीवाल्याला विचारला जाऊ लागला, की समजावे कुणीतरी पुन्हा जन्नतमधून पत्रे पाठवीत आहे. आणि तितक्याच प्रामाणिकपणे हेही म्हणावे, की हिजाजी वाचून आपला एखादा तरुण शेजाऱ्याकडे ‘काफिरांची फौज’ म्हणून पाहू लागला, तर तेही पत्र त्याच टपालातले आहे.

उपाय काय? वाचणे सोडणे हा उपाय नव्हे. उलट जास्त वाचावे, आणि दोन्हीकडचे वाचावे. याच परंपरेत पलीकडे जाऊन लिहिणारेही होऊन गेले. ज्या इनामदारांनी ‘राऊ’ लिहिली, त्यांनीच ‘शहेनशहा’ लिहून औरंगजेबाला राक्षसाच्या साच्यातून बाहेर काढले, म्हातारपणी दख्खनच्या मातीत एकटा पडलेला माणूस म्हणून पाहिले. उर्दूत काजी अब्दुस्सत्तार (१९३३-२०१८) यांनी ‘दारा शिकोह’ लिहून, जो शहजादा उपनिषदांचे फारसीत भाषांतर करवतो, त्याच्या पराभवाचे दुःख मांडले. एका मराठी हिंदूने औरंगजेबाचे मन जाणावे आणि एका उर्दू मुसलमानाने दाराचा शोक करावा! ही दोन पुस्तके एकापाठोपाठ एक वाचावीत असे आम्ही आवर्जून सांगतो. दोन्ही वाचून झाली, की कोणाच्याही विरुद्ध तलवार उपसावीशी वाटत नाही. सत्तेची, भावाभावांची आणि वार्धक्याची कीव येते. आमच्या मते हीच खरी प्रेरणा.

आता आपल्या लेखकांविषयी. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. तेव्हापासून आपल्या लेखकांनी कविता, कथा, आत्मकथन यांत मोलाची भर घातली. तलाक, गरिबी, दंगल, भाषेचा प्रश्न, सारे काही लिहिले. त्या मानाने ऐतिहासिक कादंबरीकडे फार कमी लक्ष गेले. कदाचित आपल्याला वाटले, की इतिहास हा दुसऱ्यांचा इलाखा आहे, तिथे गेलो तर सफाईच द्यावी लागेल. पण इलाखा रिकामा सोडला, की तो भरायला कोणीतरी येतोच.

आणि साहित्य कुठे कमी आहे? आमच्या खानदेशातच पाहा. फारुकी सुलतानांनी इथे थाळनेर आणि बुऱ्हाणपूरहून राज्य केले, १६०१ साली असीरगड अकबराच्या हाती पडेपर्यंत. १६३१ साली मुमताज महल बुऱ्हाणपूरला वारली आणि तापीपलीकडच्या जैनाबादेत काही महिने तिचे दफन होते. ताजमहाल नंतरचा. सुरतेहून बुऱ्हाणपूरकडे जाणारा व्यापारी रस्ता नवापूर, नंदुरबार, थाळनेर असाच होता. तावेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने आपल्या प्रवासवर्णनात नवापूरचे विणकर आणि कस्तुरीसारखा वास असणारा इथला बारीक तांदूळ यांची नोंद केली आहे. याच मुलखात भिल्ल होते, बंजाऱ्यांचे तांडे होते, नीळ आणि कापूस वाहणारे बैल होते. पण या रस्त्यावरून कोणत्याच कादंबरीचा नायक आमच्या भागात उतरत नाही. तो एकदम ग्रॅनाडाला जातो, नाहीतर रायगडला.

प्रेमकथा हवी असेल तर तीही इथे आहे. औरंगजेब दख्खनचा सुभेदार असताना, जैनाबादच्या बागेत हिराबाई नावाच्या गायिकेवर त्याचे मन जडले, अशी कथा जुन्या फारसी ग्रंथांत आहे. एकदा तिने त्याच्या हातात शराबचा प्याला दिला. ज्याने आयुष्यात शराबला हात लावला नव्हता, तो तिच्या आग्रहाखातर प्याला ओठांपर्यंत नेऊ लागला. त्याच क्षणी तिने तो काढून घेतला आणि सांगितले, की मला तुला पाजायचे नव्हते, तुझे प्रेम पाहायचे होते. ती तरुणपणीच वारली. कथेत किती खरे, किती भर, ते इतिहासकार पाहतील. कादंबरीकाराने पाहायचे ते एवढेच, की शहजाद्याला प्याला देणारी आणि तोच प्याला परत घेणारी ही बाई कोण होती? तिला काय हवे होते? तिची आई कोण, तिचे गाणे कोणत्या बोलीतले, तापीच्या पुराची तिला भीती वाटत होती का? बादशहांवर पुष्कळ लिहून झाले. ही कादंबरी तिच्या नावाने लिहिली जावी.

ती मराठीत लिहिली गेली तर आमच्या शेजाऱ्यांना कळेल, की या मुलखाच्या इतिहासात आमची माणसे फौजेबरोबर आलेली नुसती सावली नव्हती. ती उर्दूत गेली तर आमच्या मुलींना कळेल, की तारीख फक्त दमास्कसला घडत नाही, ती तापीकाठीही घडते. आणि तिच्या शेवटी निकाह असेल-नसेल, याची फार काळजी करू नये. हिराबाईने प्याला परत घेतला, जोनने प्रस्ताव परत धाडला, जमुर्रुदने जन्नत परत केली. ज्या लेखकाला या तिघींचा नकार ऐकू येईल त्यानेच लेखणी उचलावी. वाचायला आम्ही तयार आहोत, चूल सांभाळून, दुपारच्या त्या एका तासात.